बिनआवाजाची गाडी

५ ऑक्टोबर, रविवार

“उद्या बोट काढू नका, तिसरा रडतोय.”

कार्ल पहिल्यांदा आमच्या दारात आला तेव्हा एवढं एकच वाक्य बोलला होता. चोवीस वर्षं झाली. माझ्या वडिलांची आणि त्याची ओळखही नव्हती. बंदरात शिरणाऱ्या आमच्या बोटीचं मशीन त्याने किनाऱ्यावरून ऐकलं आणि चार सिलेंडरांपैकी तिसऱ्यात बिघाड आहे हे सांगायला तो दोन गल्ल्या चालत आला. वडिलांनी मशीन उघडलं. तिसराच होता. सहा महिन्यांनी आमचं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, “ऐकणारा नवरा मिळायला नशीब लागतं गो.”

आज हे आठवायचं कारण वेगळं आहे. मी जेवताना कार्लला सांगितलं की मी इलेक्ट्रिक मोटार घेणार आहे. तो बोंबलाचा काटा काढत बसला. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा मान वर करून म्हणाला, “कोण येणार हाय?”

म्हणजे ऐकायचंच नाही असं ठरवलेलं.

मी ठरवलं आहे. बावीस वर्षं उत्तनहून भाईंदरच्या शाळेत बसने जातेय. लायसन्स दोन वर्षांपूर्वीच काढलं. पैसे माझे, पगारातून बाजूला ठेवलेले, आणि उरलेलं कर्ज माझ्याच नावावर. पण या वहीत खरं लिहायचं तर गाडी बससाठी नकोच आहे. कार्लला घराबाहेर काढायचंय. ऑगस्टमध्ये बॉस्को नाखव्याची बोट भर समुद्रात बंद पडली आणि दुसऱ्या बोटीने ती ओढून आणली. ते मशीन आदल्या दिवशी कार्लने तपासून ‘जाऊ द्या’ म्हटलेलं. तेव्हापासून बोटी कार्लऐवजी शेजारच्या पालीच्या मिस्त्रीकडे जातात. कार्ल पडवीत बसतो आणि टीव्ही मोठ्याने लावतो. शेरॉन पुण्याला नर्सिंग करते, तिच्याकडेही यायला तयार नाही. गाडी दारात असली तर येईल. निदान माझ्या चालवण्याला नावं ठेवायला तरी येईल.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज स्वतःचं हसं करून घेतलं.

कार्ल काल म्हणाला, सरकारी सूट हवी तर सोसायटीत जा. आमच्याकडे सरकारचं जे काही येतं ते मच्छीमार सोसायटीतून येतं. डिझेलचा परतावा, जाळ्यांची मदत, बर्फपेट्या. जन्मापासून हेच पाहिलेलं, त्यामुळे मलाही त्यात वावगं वाटलं नाही. आधार कार्ड, पॅन कार्ड, दोन फोटो घेऊन शाळेतून थेट सोसायटीच्या ऑफिसात. सेक्रेटरी कॉलिनने सगळं नीट ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

“वैनी, जाळ्याचा फॉर्म हाय. मशीनचा हाय. मोटारीचा न्हाय.”

“विजेवर चालते ती.”

“पाण्यात चालते का?”

“नाही.”

“मग मी काय करू?”

बाहेर जाळं विणणाऱ्या बायका हसल्या, मीही हसले. त्यातली एक म्हणाली, “बाईंनी आता बोंबील पकडायला मोटार घेतली बघा!” उद्या गावभर होईल. होऊ दे.

संध्याकाळी मोबाइलवर सगळं नीट वाचलं आणि मुलांना द्यायला उतारा काढते तसं वेगळं लिहून काढलं. केंद्राची जी मोठी योजना आहे ती दुचाकी, तिचाकी, बस, ट्रक यांच्यासाठी. घरगुती चारचाकी तिच्यात नाही. केंद्राकडून आपल्याला मिळतं ते जीएसटीत, विजेच्या गाडीला पाचच टक्के. कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट होती, ती मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना. आपण उशिरा जागे झालो. राज्याकडून रोड टॅक्स माफ, पुण्याच्या एक्स्प्रेस-वेवर टोल माफ. खरेदीवर सूटसुद्धा राज्याच्या धोरणात लिहिलीय, पण ती ठरावीक संख्येच्या गाड्यांना.

पान कार्लपुढे ठेवलं. त्याने दोनदा वाचलं. मग म्हणाला, “सप्टेंबरमध्ये छोट्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचा पण टॅक्स उतरला. डिझेल घे. निदान चालू हाय हे तरी कळतं.”

माणूस डिझेलशी लग्न करून बसलाय, मी फक्त दुसरी बायको.

१२ ऑक्टोबर, रविवार

चर्चमधला मिसा संपल्यावर त्याला जवळजवळ ओढून वरसाव्याकडच्या शोरूमला नेलं. रिक्षात तोंड बाहेर करून बसला होता. येताना खिशात तो लांब पेचकस घेतलेला. मशीन तपासताना त्याचं टोक मशीनवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवतो तो. पूर्वी फक्त अवघड वेळी काढायचा, हल्ली कायम बरोबर असतो. मी म्हटलं, “लग्नाला निघालायस की ऑपरेशनला?” त्याने पेचकस रुमालाने पुसला.

शोरूममधला चंदन नावाचा मुलगा गोड बोलणारा आहे. “मॅम, रोड टॅक्स झीरो, रजिस्ट्रेशन फी झीरो. राज्याचा डिस्काउंट बोलाल तर तो मिळाला तर बोनस समजा, मी प्रॉमिस नाही करणार. जो आहे तोच बोलतो.” हे मला आवडलं. जे नाही ते नाही म्हणणारा विक्रेता मी पहिल्यांदाच पाहिला.

गाडी निळी. मी चालवायला बसले, कार्ल शेजारी, चंदन मागे. बटण दाबलं.

कार्ल थोडा वेळ थांबून म्हणाला, “चालू कर ना.”

“सर, चालूच आहे,” चंदन हसला. “सगळे असंच बोलतात.”

कार्ल उतरला, बॉनेटवर पेचकस टेकवला, मूठ कानामागे धरली आणि डोळे मिटले. शोरूमचे दोन-तीन जण बघायला जमले. मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “आत काय न्हाय.” सगळे हसले. तो हसला नाही.

घोडबंदरपर्यंत जाऊन आलो. काय सांगू, गाडी पाण्यावरून जावी तशी जाते. क्लच नाही, गिअर नाही. कार्लने बेल्ट लावला नव्हता म्हणून गाडी सारखी टिंग टिंग करत होती. चंदनने तीनदा सांगितलं, “सर, बेल्ट.” कार्ल खिडकीतून खाडी बघत राहिला. मुद्दाम. शेवटी मीच सिग्नलला वाकून त्याचा बेल्ट लावला, तर दचकला.

बुकिंग करून आले. महिन्या-सव्वा महिन्यात मिळेल.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शेरॉनचा फोन. तिला नंबर प्लेट हिरवी असणार याचंच जास्त कौतुक. “मम्मी, नाताळला न्यायला तू येणार? तू? एक्स्प्रेस-वेवर?” मी म्हटलं, मीच येणार, आणि टोलसुद्धा नाही. तिने डॅडीला फोन द्यायला सांगितला. कार्ल म्हणाला, “हो, हो, बरं हाय, जेवलीस का, हे घे मम्मीला.” नऊ शब्द. पूर्वी बापलेकीचं बोलणं संपायचं नाही, मी मध्ये ओरडायचे की बॅलन्स संपेल.

शेरॉन म्हणाली, “मी विचारलं गाडी कुठल्या रंगाची, तर डॅडी बोलतो जेवलीस का. डॅडी रागावलाय का माझ्यावर?”

तुझ्यावर नाही बाळा, माझ्यावर.

२६ ऑक्टोबर, रविवार

सहीवरून भांडण.

घरी गाडी चार्ज करायला मीटरचा लोड वाढवून घ्यावा लागतो आणि मीटर कार्लच्या नावावर. फॉर्म पंधरा दिवस टीव्हीखाली पडलाय. आज मी टीव्ही बंद केला आणि फॉर्म हातात दिला.

“सही का करत नाहीस?”

“करतो.”

“कधी?”

“लिनेट, तू ओरडू नको.”

मी ओरडत नव्हते. टीव्ही मात्र इतका मोठा होता की तो बंद केल्यावर माझाच आवाज मला मोठा वाटला.

“तुला गाडी नकोय, एवढं सरळ सांग ना.”

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. हल्ली असंच बघतो, ओठांवर नजर ठेवून, जणू मी पुढे काय खोटं बोलणार ते पकडायचंय. मग हळू म्हणाला, “या घरात एक मशीन येणार, आणि त्याला माझा हात लागायचा न्हाय. उघडायला काय न्हाय त्यात. मी काय करू, पुसू?”

हे मला लागलं. त्याच्या बाजूने मी विचारच केला नव्हता. पण म्हणून मी थांबायचं का? बसच्या रांगेत आणखी बारा वर्षं उभं राहायचं का? मी त्याला हेच विचारलं. तो उठून निघून गेला.

चर्चच्या गायनातूनही त्याने उन्हाळ्यात नाव काढून घेतलं. म्हणाला, नवीन मास्टरला सूर कळत नाहीत. एकेक गोष्ट सोडत चाललाय. माणूस पन्नाशीला आला की असा होतो का?

२ नोव्हेंबर, रविवार

मृतांचा दिवस. संध्याकाळी सगळं गाव कब्रस्तानात. सासू-सासऱ्यांच्या कबरीवर झेंडूच्या पाकळ्यांचा क्रूस केला, मेणबत्त्या लावल्या. वारा होता, कार्ल हाताचा आडोसा धरून उकिडवा बसला होता. फादरने माइकवर गावच्या मृतांची नावं वाचली. सासऱ्यांचं नाव आलं तेव्हा मी क्रूसाची खूण केली.

परत येताना कार्लचा चेहरा लाल. “पाद्रीने बाबाचं नाव गाळलं.”

“वाचलं की. बॉस्कोच्या बाबांच्या आधी.”

“न्हाय वाचलं. मी कान लावून बसलेलो.”

मी वाद घातला नाही. वडिलांच्या कबरीपाशी माणूस कुठल्या कुठे गेलेला असतो. पण तो फादरशी भांडायला निघाला होता, मी दंड धरून घरी आणला. रात्री जेवला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी चहाच्या कपाखाली फॉर्म. सही केलेला. तारीखसुद्धा घातलेली, ठळक अक्षरात. मी थँक्यू म्हटलं, त्याने मागे वळूनही पाहिलं नाही, पाटा धूत राहिला.

असा आहे. देईल, पण गोड करून देणार नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडी आली!

शाळेतून अर्धी रजा. चंदनने चावी दिली, फोटो काढला. बिलावर रोड टॅक्सच्या रकान्यात शून्य बघून मला का कोण जाणे डोळ्यांत पाणी आलं. शून्य इतकं सुंदर दिसू शकतं हे गणिताच्या बाईंना सांगायला हवं. राज्याची खरेदीवरची सूट आली तर येईल, चंदनने कागद जोडून दिलेत. मी तिच्यावर घर बांधलेलं नाही.

वरसाव्याहून एकटीने चालवत आणली. गोल्डन नेस्टच्या चौकात एका टेम्पोवाल्याने काच खाली करून विचारलं, “मॅडम, हरी प्लेट मतलब सरकारी क्या?” मी म्हटलं, “नहीं, बिजली की. अपनी है.” ‘अपनी’ म्हणताना सरळ बसले.

उत्तनचा चढ गाडी चुपचाप चढली. गल्लीत शिरले तर कार्ल ओट्यावर पाठ करून उभा. मी अगदी मागे जाऊन थांबले तरी वळला नाही. शेवटी समोरच्या शालू मावशीने त्याला हाताने खूण केली. वळला, गाडी बघितली, मग मला. आणि हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, “गरम पण होत न्हाय गो.”

२३ नोव्हेंबर, रविवार

फादरने पवित्र पाणी शिंपडून गाडीला आशीर्वाद दिला. बॉस्को नाखवा नारळ घेऊन आला. “बोटीला फोडतो तर गाडीला का न्हाय?” फादर हसून बाजूला झाले. बॉस्को कार्लपाशी गेला, म्हणाला, “मिस्त्री, झालं ते झालं. मशीन हाय, बंद पडणारच. ये की बंदरावर.” कार्ल म्हणाला, “हो, रोड टॅक्सला शंभर टक्के सूट.” बॉस्को गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी विषय बदलला. एवढा मोठा माणूस स्वतःहून बोलायला येतो आणि हा थट्टा करतो. कुणाची तरी माफी स्वीकारायला इतकं जड का जावं?

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज थोडक्यात वाचलो.

सकाळी गाडी आवारातून मागे घेत होते. रिव्हर्सला बाहेर पीं पीं वाजतं, आत कॅमेरा. कॅमेऱ्यात कार्लची पाठ दिसली, वाकून बोटीच्या नांगराचा दोर गुंडाळत होता. मला वाटलं, सरकेल. हॉर्न दिला. हलला नाही. पुन्हा दिला, लांब. समोरच्या घरातून शालू मावशी बाहेर आली, तिचा कुत्रा भुंकायला लागला, आणि हा दोर गुंडाळतोय. मी ब्रेक दाबला तेव्हा बंपर आणि त्याच्यात वीतभर अंतर होतं. तो सरळ झाला, वळला, गुडघ्याशी गाडी दिसली आणि पांढरा पडला.

“मारतेस का? हॉर्न द्यायला काय झालं?”

“दोनदा दिला!”

“दिलाच न्हाय तू! ही मुकी गाडी आणलीस, एक दिवस कुणाला तरी घेऊन जाशील!”

मी सगळ्या गल्लीसमोर ओरडले की तू खोटं बोलतोस. हट्टाने आडवा उभा राहिलास. बोलून गेले. तो आत गेला.

आडवा उभा राहिला का? खरंच?

३० नोव्हेंबर, रविवार

आज मी एक वाईट काम केलं.

तो स्वयंपाकघरात पापलेट साफ करत होता, पाठ माझ्याकडे. नळ बंद होता. मी दारात उभी राहून साध्या आवाजात म्हटलं, “कार्ल, मी गाडी विकतेय.”

तो कल्ले काढत राहिला.

“कार्ल, शेरॉन आलीय.”

त्याने सुरी धुतली.

मग मी म्हटलं, “कार्ल, तू मला आवडतोस,” जे मी लग्नानंतर मोठ्याने कधी म्हटलं नसेल. तो माशाला मीठ चोळत होता. मीठ चोळताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होता, सूर पार सुटलेला. एकेकाळी चर्चमध्ये त्याच्या खालच्या सुरावर बाकीचे उभे राहायचे.

खोलीत येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. प्रत्येक पानावर लिहिलेलं आहे. माझ्याच अक्षरात. मी मुलांना उतारा देते आणि खाली विचारते, यावरून तुम्हाला काय कळते? दोन महिने मी उतारा लिहिलाय आणि उत्तर ‘राग’ असं लिहिलंय.

४ डिसेंबर, गुरुवार

चार दिवस कुठे बोलायचं तेच सुचत नव्हतं. घरात पंखा, टीव्ही, शेजार. पडवीत समुद्र. आज शाळेतून आल्यावर म्हटलं, डोंगरीवर चक्कर मारून येऊ. काय वाटलं कोण जाणे, आला. वर मोकळ्या जागेत गाडी उभी केली, काचा वर घेतल्या, एसी बंद केला. इतकी शांतता की माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मी त्याच्याकडे पूर्ण वळून बसले आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, “कधीपासून?”

त्याने ऐकलं. त्या बंद गाडीत, समोरासमोर, त्याने ऐकलं.

त्याने डाव्या कानावर हात ठेवला. “ईस्टरपासून जास्त. डाव्यात नुसतं गुर्र गुर्र, बोट लांब चाललीय तसं. उजव्यात माणसं बोलतात ती पाण्याखालून.”

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? मिस्त्री बहिरा झाला? गाणाऱ्याचा गळा गेला तर लोक हळहळतात. मिस्त्रीचा कान गेला तर बोटीवर कोण चढेल?”

मग बॉस्कोच्या मशीनचं बोलला. पेचकस लावला होता. धडधड हाडाला कळली, पण बेअरिंगची बारीक किरकिर ऐकू आली नाही. ती असणार, हे त्याला माहीत होतं. ऐकू न आल्यावर तो धरून चालला की ती नाहीच. “आठ माणसं होती वर, लिनेट. समुद्र शांत होता म्हणून. नायतर?”

मी त्याचा हात धरला. डिझेलचा वास त्या हाताला अजून आहे, जवळजवळ चार महिने काम नसूनही.

“आणि गाडी का नको होती?”

“डिझेल असती तर पायाला कळली असती ना, चालू हाय का बंद. ह्या तुझ्या गाडीत मला कायच कळत न्हाय. त्या दिवशी शोरूममध्ये सगळे हसले. मला खरंच बंद वाटली.” आणि मग म्हणाला, “तुला वाटतं मी तुझ्या गाडीवर जळतो.”

मी म्हटलं, हो, वाटलं.

“थोडा जळतो पण,” तो म्हणाला. मग आम्ही दोघं हसलो. काचांवर वाफ धरली होती.

९ डिसेंबर, मंगळवार

भाईंदरला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. ‘कुणी विचारलं तर गाडीच्या कामाला गेलो सांग,’ या अटीवर. काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरून मी बघत होते. सुरुवातीला भराभर दाबत होता, मग अंतर पडत गेलं, मग नुसताच बसून राहिला, अंगठा तयार ठेवून. तो अंगठा मला बघवेना.

डॉक्टर बाई समजुतीच्या. म्हणाल्या, तीस वर्षं मशीनच्या खोलीत काढलेली, नस थकलीय, गेलेलं परत येणार नाही, पण कानाचं मशीन लावलं तर घरातलं बोलणं नीट ऐकू येईल. बारीक, उंच आवाज मात्र पूर्वीसारखे नाहीत. आठवडाभर वापरून बघायला एक जोडी दिली. गाडीत बसल्या बसल्या त्याने लावली. मी बटण दाबलं.

तो एकदम म्हणाला, “अरे! हिचा आवाज हाय की!”

“कसला?”

“बारीक. शिटी मारल्यागत. तुला येत न्हाय ऐकू?”

मला येत नव्हता. मग लक्ष दिलं तर आला, अगदी पुसट. दोन महिने मी ही गाडी बिनआवाजाची म्हणून लोकांना सांगतेय.

गावात शिरायच्या आधी, चढाच्या पायथ्याशी, त्याने दोन्ही मशीनं काढून रुमालात बांधली.

१३ डिसेंबर, शनिवार

दुपारी घरी आले तर आवारात ताडपत्री पसरलेली आणि तिच्यावर सगळी हत्यारं मांडलेली. पाने मोठ्यापासून लहानापर्यंत, पुलर, हातोड्या. प्रत्येकाला तेल लावून पुसलेलं. काशिमीऱ्याचा एक गॅरेजवाला उद्या संध्याकाळी बघायला येतोय.

“सगळी?”

“ठेवून काय करू?”

तेवढ्यात बॉस्को नाखवा आला. हत्यारं बघून त्याला वाटलं मिस्त्री कामाला लागला. खूश झाला. म्हणाला, “सोमवारी माझं मशीन बघ. पालीवाला सांगतो ठीक हाय, पण मला ठीक वाटत न्हाय. बुधवारी जायचं हाय, नाताळच्या आधीची शेवटची फेरी.” तो कार्लच्या समोर उभा होता, तोंडासमोर, म्हणून कार्लला कळलं. कार्ल म्हणाला, “मी बंद केलं काम.” बॉस्को म्हणाला, “माझ्यावरचा राग माझ्या मशीनवर काढतोस?” कार्लने एक पाना उचलून पुन्हा पुसला. नाखवा तोंड पाडून गेला. आठ माणसं घेऊन तो बुधवारी त्याच मशीनवर जाणार, आणि कार्लचा चेहरा सांगत होता की बोलताना बोलताना तो त्या मशीनच्या एकेक भागावरून मनाने हात फिरवून आला.

मी दोन तास विचार केला. कार्लचा कान गेलाय, पण कशासाठी ऐकायचं ते सगळं त्याच्या डोक्यात शाबूत आहे. माझे कान चांगले आहेत, आणि ऐकायचं काय ते मला काडीचं माहीत नाही. आम्ही दोघं मिळून एक मिस्त्री सहज होतो. बावीस वर्षं मी चाळीस मुलांच्या गोंगाटात कोण कुजबुजलं ते पाठ वळवून ओळखत आलेय. मला शिकायला वेळ लागणार नाही. शनिवार-रविवार माझे मोकळे असतात, बाकीच्या दिवशी बोटी संध्याकाळी दुरुस्तीला येऊ देत. बंदरापर्यंत गाडी आहेच.

त्याची उत्तरं मला आत्ताच माहीत आहेत. मशीनच्या खोलीत बाईमाणूस कोणी उतरवत नाही, नाखवे ऐकायचे नाहीत. शाळेच्या बाई डिझेलमध्ये माखून कशा येणार. आणि सगळ्यात मोठं, जे तो बोलणार नाही, ते म्हणजे आधी बॉस्कोला खरं सांगावं लागेल.

तरी विचारणार आहे. उद्या मिसा झाल्यावर, गॅरेजवाला यायच्या आत, गाडीत, काचा वर करून. शब्द इथे लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी मऊ पडायची नाही:

कार्ल, हत्यारं विकू नकोस. सोमवारी रजा घेतलीय मी. आधी आपण दोघं बॉस्कोकडे जाऊ आणि तू त्याला तुझ्या तोंडाने सांग की ऑगस्टमध्ये काय झालं. मग मला त्याच्या बोटीवर ने, मशीनपाशी बसव, आणि मी काय ऐकायचं ते मला शिकव.